मनगटावरचा बँड आणि आपली झोप



राजाबाजारच्या मंदिरात सकाळी पाहावं, तर हल्ली बांगड्यांच्या शेजारी फिटनेस बँड दिसतो. कुणाला मुलाने पाठवलेला, कुणाला सुनेने दिलेला. मग गप्पाही झोपेच्या ‘स्कोअर’च्या. माझं मत असं की बँड जरूर घालावा, पण त्याच्याकडून आपल्या झोपेला मार्क घेऊ नयेत.

हा बँड मनगटाची हालचाल टिपतो आणि पाठीमागच्या हिरव्या दिव्याने नाडी मोजतो. मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत. म्हणून आपण कधी झोपलो, कधी उठलो हे तो बऱ्यापैकी सांगतो. गाढ झोप किती मिनिटं, हा केवळ अंदाज. या आकड्यांच्या काळजीनेच झोप उडते, त्याला 2017 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही दिलं. तेव्हा रोज सकाळी नको, आठवड्यातून एकदा बघा.

रात्री बँड टोचू नये म्हणून बांगड्या कमी असलेल्या हातात, मनगटाच्या हाडापासून बोटभर वर घाला. खालून एक बोट सहज जाईल इतका सैल ठेवा. चामड्याचा पट्टा आपल्याला चालत नाहीच. उन्हाळ्यात रबरी पट्ट्याखाली घाम साचतो, तेव्हा कापडी विणीचा बरा. स्लीप मोड लावला की रात्री उजेड आणि थरथर बंद. सामायिकाला आपण तो काढतोच, त्या 48 मिनिटांत चार्जिंगला लावा.

आता मुद्द्याचं. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात दर्शनावरणीय कर्माचे नऊ भेद आहेत, त्यातले पाच झोपेचे: निद्रा, निद्रानिद्रा, प्रचला, प्रचलाप्रचला, स्त्यानगृद्धी. बसल्या बसल्या डुलकी येते ती प्रचला. आपल्यातल्या कितीतरी जणींना ती नेमकी सामायिकात किंवा प्रवचनात येते, आणि ‘माझं मनच लागत नाही’ म्हणून त्या स्वतःला दोष देतात. मुनिराज थोडंच झोपतात, हे खरं. पण त्यांच्यामागे डबे, धुणी आणि पाहुणे नसतात. कामापायी मोडलेली झोप म्हणजे तप नव्हे. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात.

बँडचा खरा उपयोग इथे आहे. महिनाभराचा आलेख रात्री बारा ते पहाटे पाच असाच दिसत असेल, तर तो घरातल्यांसमोर ठेवा. (झोप पुरेशी असूनही दिवसभर ग्लानी किंवा जोरात घोरणं असेल, तर मात्र डॉक्टरांकडेच जा.) आपल्या घरांत जेवणं सूर्यास्ताआधी होतात. मग ओटा रात्री अकरापर्यंत कुणासाठी चालू असतो, आणि तो एकटी बाईच का आवरते? याचं उत्तर बँड देणार नाही. ते घरातल्या सगळ्यांनी मिळून द्यायचं आहे.