आधी फट बुजवा!

डॅलसला ऑनसाइट होतो तेव्हाची गोष्ट. शुक्रवारी रात्री मित्राचा फोन. "उद्या ये, क्लिपशॉर्न आणलेत!" सत्तरच्या दशकातली जुनी जोडी. माणसाच्या छातीएवढी उंच कपाटं, चौघांनी उचलून हॉलच्या दोन कोपऱ्यांत उभी केलेली. मोठ्या कौतुकाने तबला सोलो लावला. त्याचे बाबा सांगलीहून आले होते, भजनी मंडळात चाळीस वर्षं तबला वाजवलेला माणूस. दोन मिनिटं ऐकून काका म्हणाले, "चाटी झकास वाजतेय रे. पण डग्गा कुठाय?"

मित्राचा चेहरा पडला. त्याचं निदान तयारच होतं, "अँप्लिफायर कमी पडतोय." तीन हजार डॉलर्सचा नवा अँप कार्टमध्ये टाकून झाला होता.

आता मंडळी, माझं स्पष्ट मत सांगतो. हे निदान चूक होतं, आणि हौशी लोक पैसे घालवतात ते नेमके अशाच निदानांवर. एका वॅटला एक मीटरवर सुमारे १०५ डेसिबल, हा या स्पीकरचा कंपनीनेच दिलेला आकडा आहे. त्याला ताकद कशी कमी पडेल?

थोडं गणित करू. ४० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी साधारण साडेआठ मीटर. एवढा खर्ज कर्ण्यातून नीट बाहेर काढायचा तर कर्ण्याच्या तोंडाचा घेर ढोबळमानाने तेवढाच हवा, म्हणजे व्यास २.७ मीटर! असला कर्णा घरात आणला तर माणसांना बाहेर झोपावं लागेल. पॉल क्लिप्श (१९०४-२००२) या इंजिनियरने यावर तोड काढली. १९४६ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, होप नावाच्या गावात त्याने कंपनी काढली. त्याची युक्ती अशी: कर्णा घड्या घालून खोक्यात बसवायचा आणि खोकं कोपऱ्यात ठेवायचं. दोन भिंती आणि जमीन मिळून आवाजाला जागेचा फक्त आठवा हिस्सा मोकळा ठेवतात, त्यामुळे तोंडही आठव्या हिश्शाचं पुरतं. आणि कर्ण्याचा शेवटचा, रुंद होत जाणारा भाग? तो खोक्यात नाहीच! खोक्याच्या बाजू आणि घराच्या भिंती मिळून तो तयार होतो.

म्हणजे तुम्ही दुकानातून आणता तो अर्धवट स्पीकर. उरलेला तुमच्या गवंड्याने बांधलेला असतो.

मग आम्ही टॉर्च घेऊन मागे वाकलो. भिंतीच्या पायाशी लाकडी पट्टी होती (आपल्याकडे स्कर्टिंग म्हणतात ती). त्या पट्टीला खोकं अडलं होतं आणि वर मागच्या कडेपाशी बोट आरामात जाईल एवढी फट. त्या फटीतून दाब निसटत होता. फुटक्या बासरीसारखं. वरच्या सुरांना याचं फारसं काही नाही, कारण ते वरच्या वेगळ्या हॉर्नमधून येतात. मार बसतो तो खर्जालाच. काकांचा डग्गा तिथे हरवला होता!

थंडीत पाण्याच्या पाइपला गुंडाळतात तो फोमचा नळा हार्डवेअरच्या दुकानातून आणला. खर्च दहा डॉलरच्या आत. मागच्या उभ्या कडांना तो लावला आणि खोकं कोपऱ्यात दाबून बसवलं. परत तोच तबला. काका काहीच बोलले नाहीत, डोळे मिटून मांडीवर ठेका धरला. सोमवारी अँपची ऑर्डर रद्द.

दोन सूचना मात्र देतो, नाहीतर शिव्या मला खाव्या लागतील. एक, हे वाचून घरातले साधे स्पीकर कोपऱ्यात ढकलू नका. ते कोपऱ्यासाठी बनवलेले नसतात, नुसते घुमतील. दोन, कोपऱ्यात दार किंवा खिडकी असेल तर प्लायवूडचा खोटा कोपरा करतात, तोही चालतो. पुढे एके-६ आवृत्तीत कंपनीने खोक्याची पाठच बंदिस्त करून टाकली, त्यामुळे तिथे भिंतीशी एवढी झटापट नको. काही जुने शौकीन यावर नाराज असतात. मला ते पटत नाही. ग्राहकाच्या भिंती सरळ असतीलच असं गृहीत धरणारं डिझाइन कितीही सुंदर असलं, तरी ते नाजूकच.

आपल्या धंद्यात वेगळं काय चालतं? प्रत्येक मॉड्यूल आपापल्या जागी पास, आणि दोन मॉड्यूल जुळतात तिथे बोटभर फट. प्रॉडक्शनला बोंब झाली की मीटिंगमध्ये पहिला प्रस्ताव काय, तर मोठा सर्व्हर घ्या! मोठा सर्व्हर घेणं सोपं असतं हो, त्यासाठी गुडघे टेकून टॉर्च मारावी लागत नाही.

असो. पुढच्या वेळी काही कमी पडतंय असं वाटलं की कार्ड काढण्याआधी एकदा मागे वाकून बघा. आणि घरात एखादे काका असतील तर आधी त्यांना ऐकवा.