घंटा नसलेले चर्च

उन्हाळी सुट्टीत सहकुटुंब प्रवासाला जाण्याची प्रथा आपल्या वसईच्या वाड्यांतही आता चांगली रुजली आहे. मामाच्या वाडीवर जाऊन विहिरीत डुंबणारी मुले आज रेल्वेच्या तिकिटाकडे डोळे लावून बसतात. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. प्रवासाने माणूस शहाणा होतो असे आपले वाडवडील सांगत आले. प्रस्तुत लेखकही गेल्या मे महिन्यात वृद्ध आई, पत्नी व दोन मुलांसह हैदराबादला जाऊन आला, आणि तेथील एक दिवस रामोजी चित्रनगरीत घालवून आला. शहाणपण किती आले ते सांगता येत नाही, पण एक प्रश्न मात्र सोबत आला. तोच वाचकांपुढे ठेवतो.

1996 साली उभारलेली ही चित्रनगरी जगातील सर्वांत मोठे चित्रपट-संकुल म्हणून गिनेसच्या विक्रमपुस्तकात नोंदली गेली आहे. बसमध्ये बसून आपण राजवाड्यांवरून, बगिच्यांवरून, परदेशी वाटणाऱ्या रस्त्यांवरून फिरतो. रेल्वे न येणारे स्थानक पाहतो, कैदी नसलेला तुरुंग पाहतो. मुले आनंदाने वेडी झाली होती. मीही हरखलो होतो, हे लपवीत नाही. मग एका वळणावर वाटाड्याने एक इमारत दाखविली. या बाजूने ती इस्पितळ, त्या बाजूने चर्च. पांढरा दर्शनी भाग, टोकदार कमानी, वर क्रूस. आईने सवयीने कपाळावर क्रूसाची खूण केली. बसमधील कोणी तरी हसले. आई मात्र वर मनोऱ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "घंटा कुठाय रे याची?"

घंटा नव्हती. वेदी नव्हती, बाके नव्हती, मागे दफनभूमी नव्हती. तरीही लोक त्या भिंतीपुढे उभे राहून छायाचित्रे काढीत होते, आणि त्यांत माझी मुलेही होती. मला त्या गिलाव्याच्या भिंतीचा राग आला नाही. चित्रनगरीचे कामच भिंती उभ्या करण्याचे आहे, आणि ते ती उत्तम करते. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. हिंदी चित्रपटाने अशाच पोकळ चर्चमध्ये एक पोकळ ख्रिस्ती माणूस पन्नास-साठ वर्षे उभा करून ठेवला, आणि आपण तिकीट काढून त्याला पाहत आलो, हसत आलो.

तो माणूस कोण हे सांगावयास नको. तो सदैव झिंगलेला असतो. त्याचे हिंदी मोडके असते. त्याची बहीण किंवा मुलगी खलनायकाच्या अड्ड्यावर नाचते. त्याचा धर्मगुरू पांढऱ्या दाढीचा, पांढऱ्या झग्यातला, 'माय सन' म्हणून नायकाच्या डोक्यावर हात ठेवणारा. 'बॉबी' (1973) मधला जॅक ब्रगांझा हा दर्यावर्दी, दिलदार, पण बाटलीवाचून अपुरा. 'ज्यूली' (1975) मधला इंजिनचालक बाप तसाच. 'अमर अकबर अँथनी' (1977) मधला अँथनी गोड स्वभावाचा, पण धंदा देशी दारूचा. हे चित्रपट वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ते मी तीन-तीनदा पाहिले आहेत. या पात्रांत प्रेमळपणाही पुष्कळ आहे. पण प्रेमाने काढलेले व्यंगचित्रही शेवटी व्यंगचित्रच.

"करमणूक आहे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे?" असे कोणी म्हणेल. आमच्या घरीच हा प्रश्न झाला. "मद्रासी माणसाचीही टिंगल होते, पारशाची होते, मराठी माणसाला तर मोलकरणीचीच भूमिका मिळते." खरे आहे. परंतु त्या समाजांना आपले चित्र दुसरीकडे दिसते. तामीळ माणसाचा स्वतःचा भरभक्कम चित्रपट आहे, मराठी माणसालाही आहे. मराठी ख्रिस्ती माणसाने स्वतःला कोठे पाहावे? वसईच्या वाडीत केळी पिकविणारा, पहाटे मिस्सेला जाणारा, घरी आपली बोली आणि शाळेत मराठी बोलणारा, लुगडे नेसलेल्या आजीच्या मांडीवर वाढलेला कॅथॉलिक हिंदी पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. आणि जो दिसत नाही त्याच्या जागी लोक पाहिलेला माणूस बसवितात.

त्याचा हिशेब आपण रोज चुकता करतो. पुण्याच्या एका कचेरीत माझा पहिला दिवस होता. नाव ऐकताच शेजारच्या मेजावरील गृहस्थ म्हणाले, "अरे वा, तुम्ही मराठी फारच छान बोलता!" त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. नाताळ जवळ येताच तेच गृहस्थ डोळा मिचकावून म्हणाले, "मग, आणता ना घरची?" माझ्या घरात दारूचा थेंब आलेला नाही हे मी त्यांना सांगितले. त्यांना ती थट्टाच वाटली. ते मला कोठे भेटले होते? मी त्यांच्या शेजारी येऊन बसण्यापूर्वी कितीतरी वर्षे, काळोख्या चित्रपटगृहात.

मग आपण काय केले? निषेध करणे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. 2006 साली 'द दा विंची कोड' आला तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी सह्या गोळा केल्या, घोषणा दिल्या. श्रद्धेला धक्का लागला की आपण जागे होतो. माणसाला धक्का लागला तर मात्र हसून घेतो. मोर्चे काढा असे मी सुचवीत नाही. बंदी मागणारा माणूस स्वतःचे चित्र कधीच काढू शकत नाही. माझा आक्षेप आपल्या आळसावर आहे. दुसऱ्याने आपले चित्र वाकडे काढले म्हणून रुसायचे, आणि हाती कुंचला मात्र घ्यायचा नाही, याला स्वाभिमान म्हणत नाहीत.

वास्तविक या धंद्याशी आपले नाते किती जुने आहे! 1911 साली गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या मनात आले की आपल्या देवादिकांची चित्रे अशी पडद्यावर का दिसू नयेत? त्यांनी तक्रारीचा अर्ज लिहिला नाही. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, त्यांनीच कच्च्या फिल्मला भोके पाडली, कामगारांना रांधून घातले, आणि 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. दुसऱ्याची कथा पाहून ज्याला स्वतःची कथा सांगावीशी वाटली, अशा एका मराठी माणसापासून हा सारा पसारा सुरू झाला. तो धडा आपणच विसरावा?

आणि त्या पोकळ भिंतीमागे आपली माणसे नव्हती असेही नाही. पडद्यावर झिंगलेला ख्रिस्ती नाचत होता, तेव्हा पडद्यामागे शुद्धीवर असलेला ख्रिस्ती स्वरलिपी लिहीत होता. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची रचना गोव्याचे सेबॅस्टियन डिसोजा करीत. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 च्या त्या गाण्यात ज्या नावाचा पुकारा होतो ते त्यांचेच. सारा देश ते नाव गुणगुणला, आणि किती जणांना ठाऊक होते की तो अंड्यातून उडी मारणारा टपोरी नसून एक गंभीर संगीतज्ञ आहे? आपल्या तरी किती घरांत ठाऊक होते?

याच वादकांपैकी फ्रँक फर्नांड यांनी मात्र फाळक्यांची वाट धरली. त्यांनी कोंकणीत 'आमचें नशीब' (1963) आणि 'निर्मोण' (1966) हे चित्रपट काढले. पुढे 'निर्मोण'वरून हिंदीत 'तकदीर' (1967) निघाला. म्हणजे आपली गोष्ट आपल्या भाषेत सांगितली तर हिंदीवालाही ती घेऊन जातो. न सांगितली तर तो त्याच्या मनाची गोष्ट आपल्या गळ्यात बांधतो. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की बासू चॅटर्जी यांचा 'बातों बातों में' (1979), सईद मिर्झा यांचा 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' (1980) अशा चित्रपटांत ख्रिस्ती माणूस नोकरी करणारा, चिडणारा, प्रेमात पडणारा साधा माणूस म्हणून दिसला. दुसऱ्यांना जे जमले ते आपल्याला जमू नये?

आज फिल्मला भोके पाडावी लागत नाहीत, दागिनेही गहाण टाकावे लागत नाहीत. ज्या मोबाइलने माझ्या मुलांनी त्या खोट्या चर्चची छायाचित्रे काढली, त्याच मोबाइलने खऱ्या आजीची गोष्ट टिपता येते. आपल्या धर्मग्रामांत नाटके बसतात, सणाला बँड वाजतो, तरुणांच्या संघटना आहेत, सभागृहे आहेत. वर्षातून एक लघुपट एका धर्मग्रामाने काढावा. पानवेलीच्या मळ्यावर काढावा, लग्नाच्या गाण्यांवर काढावा, दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरावरही काढावा. होय, त्यावरही. आपले दोष झाकणारे चित्र आपण काढले तर तीही एक भिंतच होईल, मागून पोकळ. दोष दाखवावेत, पण माणूस सबंध दाखवावा.

सहलींना अवश्य जा. चित्रनगरी पाहा, मुलांना हसू द्या. फक्त परतल्यावर त्या छायाचित्राकडे एकदा नीट पाहा. आमच्या घरी ते मुलाने कौतुकाने भिंतीवर लावले आहे. आई येता-जाता त्याच्याकडे पाहते, आणि कोणी पाहुणा "हे कुठले चर्च?" म्हणून विचारू लागला की सांगते, "कुठलेच नाही." त्याच्या शेजारची भिंत अजून रिकामी आहे. तेथे काय लागणार, हे आता आपण ठरवावयाचे आहे.