चामटोली : नदीकाठचे लहान गाव

कर्जतकडे जाणारी लोकल बदलापूर सोडते, तेव्हा इमारतींच्या रांगा हळूहळू मागे पडतात आणि वांगणीपर्यंत भातखाचरे, गवताची माळराने व उल्हास नदीचा सखल पट्टा दिसू लागतो. याच पट्ट्यात चामटोली हे अंबरनाथ तालुक्यातील लहानसे गाव आहे. गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. त्यामुळे रोजच्या हजारो प्रवाशांना त्याचे नावही ठाऊक नसते.

अवतीभोवतीची शहरे मोठी आहेत. 1949 साली निर्वासित सिंधी बांधवांसाठी उल्हासनगर वसले. अंबरनाथला 1060 सालचे शिवमंदिर आहे आणि कारखान्यांची वसाहतही आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 साली लाखाच्या आत होती, ती 2011 च्या जनगणनेत 1,74,226 झाली. या पट्ट्यातील गावांचे जीवन मात्र अजूनही पावसाच्या वेळापत्रकाने चालते. ज्येष्ठात पेरणी, आषाढात लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल. घरातील तरुण सकाळची लोकल गाठून नोकरीला जातात, तर वडीलधारी माणसे शेत आणि गुरे सांभाळतात.

26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली होती. गाडीत सुमारे 1,050 प्रवासी होते, त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी नावांतून प्रवाशांना बाहेर काढले. नौदल, वायुदल व सेनादलही धावून आले. 27 जुलैच्या दुपारपर्यंत सर्वजण सुखरूप सुटले. या कार्यात चामटोलीच्या परिसरातील ग्रामस्थही चिखलपाणी तुडवीत पुढे झाले. ज्यांच्या स्वतःच्या शेतांत पाणी शिरले होते, त्यांनी अनोळखी माणसांना हात दिला. कोणाची जात, गाव वा भाषा विचारण्याइतका तेथे अवकाशच नव्हता.

या घटनेतून आणखी एक गोष्ट ध्यानी यावी. नदीला पूर येतो, तेव्हा सखल खाचरे आणि माळराने ते पाणी आपल्या अंगावर पसरू देतात. बांधांच्या आत पाणी थांबते, मुरते आणि मग सावकाश ओसरते. त्याच जमिनीवर भराव पडून भूखंड आखले गेले, तर पाण्याची जागा आकसते. पाणी मात्र कमी होत नाही. ते शेजारच्या वस्तीत किंवा रुळांवर वाट शोधते. शेतकऱ्याच्या हाती जमिनीचा पैसा एकदाच येतो, आणि त्यातून घरातील लग्न, शिक्षण वा आजारपण निभावायचे असते. म्हणून त्याला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. शेती परवडेल अशी व्यवस्था उभी राहिली, तरच खाचरे टिकतील.

शहराला दूध, भाजी आणि तांदूळ पुरविणारी ही गावे शहराचे पाणीही सोसतात. त्यांचे हे ऋण निदान ओळखणे, एवढे तरी शहरवासीयांनी करावे.