मोपाचा सडा आणि शाळेची प्रोजेक्ट फाईल

पेडणे : पर्यावरण प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होते. ओझोन, जागतिक तापमानवाढ, प्लास्टिक हे ठरलेले विषय. नेटवरून चित्रं काढायची, चिकटवायची, रंगीत मुखपृष्ठ लावायचं, झालं. पेडण्यातली फाईल आणि नागपुरातली फाईल यात फरक शोधून सापडत नाही.

आणि इथे तर मोपाचा सडा डोळ्यांसमोर आहे. जांभा दगड सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि पायथ्याच्या गावांत झरींतून, विहिरींतून वर येतं. बागायती त्यावर चालते. त्याच सड्यावर आज धावपट्टी आहे. 11 डिसेंबर 2022 ला विमानतळाचं उद्घाटन झालं, 5 जानेवारी 2023 पासून विमानं सुरू झाली. विमानतळ हवा की नको हा वाद आता मागे पडलाय. पण झरींचं पाणी कमी झालं की तेवढंच आहे, यावर गावात दहा माणसांची दहा मतं ऐकायला मिळतात.

सांगणार कसं? आधीचं मोजमाप कुठेय?

कोर्टातही घोडं इथेच अडलं होतं. 29 मार्च 2019 रोजी सुप्रीम कोर्टाने प्रकल्पाची 2015 सालची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. 15 किलोमीटरच्या परिघातली संवेदनशील क्षेत्रं आणि तोडायची झाडं यांची माहिती अर्जात नीट दिली नव्हती, हा त्यातला मुख्य आक्षेप. 16 जानेवारी 2020 ला अटी घालून स्थगिती उठली. त्या अर्जात विचारतात काय? जवळचे पाणवठे, झाडं, जमिनीचा वापर, पाण्याचा निचरा. म्हणजे नववी-दहावीच्या भूगोलाचेच प्रश्न.

पर्यावरण विषय शाळेत सक्तीचा करा, हे त्याच कोर्टाने 1991 मध्येच सांगितलं होतं. महाराष्ट्राच्या दहावीच्या भूगोलात भारताबरोबर ब्राझील शिकवतात, पण पहिला पाठ क्षेत्रभेटीचा आहे. शिवाय जलसुरक्षा हा विषय आहेच. क्षेत्रभेट म्हणजे सहलच, असं कुठेही लिहिलेलं नाही.

काम साधं आहे. दोरीला वजन बांधायचं, विहिरीच्या कठड्यावर खूण करायची आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पाणी किती खोल आहे ते मोजायचं. सोबत पावसाची नोंद. एक विहीर सड्याच्या पायथ्याची, दुसरी लांबची. दुसरी नसेल तर कमी पावसाच्या वर्षाचं खापरही विमानतळावर फुटेल, आणि ते बरोबर नाही. तेरेखोलच्या पलीकडे सातार्डा भागातल्या शाळांनी त्याच तारखांना मोजलं तर आणखी चांगलं. बोर्ड वेगळं असलं तरी जांभा तोच आहे.

अडचणी आहेत. विहिरीवर मुलं न्यायची तर जबाबदारी शिक्षकांवर येते, मोठं माणूस सोबत हवंच. त्यात सजवलेल्या फाईलला जास्त गुण मिळतात हे मुलांना पक्कं ठाऊक. सरांनाही एका दिवसात तपासून मोकळं व्हायचं असतं. त्यांना तरी किती बोलणार, बाकीची कामं कमी आहेत का?

वर्ष संपलं की फाईली घरी जातात किंवा रद्दीत. विहिरीची वही मात्र शाळेच्या कपाटातच राहायला हवी, जूनमध्ये पुढच्या वर्गाच्या हातात देण्यासाठी. तिची एक प्रत पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे दिली तर ग्रामसभेत ती कुणालाही मागता येईल.