थकलेली तपासणी

मार्च ते मे २०२० या काळात देशातील ४१ कर्करोग केंद्रांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली. मोठ्या शस्त्रक्रिया जवळपास निम्म्यावर आल्या. रोग मात्र टाळेबंदीत थांबला नव्हता. शस्त्रक्रियेस चार आठवड्यांचा विलंब झाल्यास मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असे त्याच वर्षीच्या संशोधनात आढळले.

टाळेबंदी उठली, टाळाटाळ उरली. ‘दिवाळीचा हंगाम उरकू दे, मग दाखवू’ असे म्हणत स्तनातील गाठ, तोंडातील न भरणारी जखम अंगावर काढली जाते. थकबाकीवर व्याज चढते, हे व्यापारी घरांस सांगावयास नको. आज घरातील प्रत्येकास, विशेषतः स्त्रियांना, विचारावे: कोणती तपासणी राहून गेली आहे?