'मी' सिद्धांत आणि विस्मृतीत गेलेले गणक

१/ सूक्ष्म कणांमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणाचा इतिहास सहसा दोन वाक्यांत उरकला जातो: १९०८ साली गुस्ताव्ह मी यांनी प्रश्न सोडवला, पुढे संगणक आले आणि आकडेमोड सोपी झाली. दोन्ही वाक्ये दिशाभूल करणारी आहेत. #थ्रेड

२/ (या जर्मन आडनावाचा उच्चार खरोखरच 'मी' असा आहे. श्रेयाच्या वादात नेमके हेच नाव यावे, हा निव्वळ योगायोग.)

३/ गोलाकार कणाचे हेच गणित डेन्मार्कचे लुडविग लोरेन्झ यांनी १८९० मध्येच सोडवून प्रसिद्ध केले होते. मॅक्सवेलच्या नव्हे, स्वतःच्या प्रकाशसिद्धांतावरून ते तेथे पोहोचले. परंतु निबंध डॅनिश भाषेत होता आणि पुढच्याच वर्षी लोरेन्झ निवर्तले. छोट्या भाषेतले संशोधन असे नजरेआड होते.

४/ तथापि मी यांच्या जागी लोरेन्झ यांचे नाव लिहिल्याने इतिहास दुरुस्त होत नाही. दोघांचेही उत्तर ही एक अनंत श्रेणी होती. मी यांच्यापुढे सोन्याचे कलिल होते. कण तरंगलांबीहून लहान, म्हणून पहिली मोजकी पदे पुरली. ढगातील १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या थेंबाला दृश्य प्रकाशासाठी शंभराहून अधिक पदे लागतात आणि प्रत्येक पदात बेसेल फलने असतात. सूत्र होते, संख्या नव्हत्या.

५/ त्या कोणी काढल्या? १९३८ मध्ये न्यूयॉर्कला, महामंदीतील बेरोजगारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून, गणिती कोष्टकांचा प्रकल्प उभा राहिला. अनेकांचे गणित शाळेतल्या अंकगणितापुरतेच होते. गणितज्ञ गर्ट्रूड ब्लँच यांनी अवघड फलने बेरीज-वजाबाकी-गुणाकाराच्या पायऱ्यांत अशी उतरवली, की कागद हातोहात पुढे सरकावा आणि चूक वाटेतच सापडावी. योजना युद्धकाळात गुंडाळली गेली. निवडक गणक टिकले. याच प्रकल्पाची गोलाकार कणांच्या विकिरणाची कोष्टके १९४९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने प्रसिद्ध केली.

६/ 'हे तर यांत्रिक काम, श्रेय कल्पनेचेच,' असा आक्षेप येतो. मग १९७३ चे काय? पर्सेल आणि पेनीपेकर यांनी वेड्यावाकड्या धूलिकणाच्या जागी द्विध्रुवांची जाळी कल्पिली आणि संगणकाकडून ती सोडवून घेतली. तेथे आकडेमोडीची रीत हीच कल्पना होती आणि तिचे श्रेय त्यांना निःसंकोच दिले जाते. कोणते पद कोठे सोडायचे, चूक कशी पकडायची, हे ठरवणाऱ्या ब्लँच यांना मात्र वेगळा न्याय.

७/ काही ग्रंथांत आता 'लोरेन्झ-मी' असे जोडनाव रूढ झाले आहे. दुरुस्ती तेवढ्यावरच थांबली आहे.