मत दिल्लीला, भुर्दंड सभासदाला

शेतकरी बंधूंनो, लोकसभेची निवडणूक ही दिल्लीची गोष्ट, आपल्या सोसायटीशी तिचा संबंध काय, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटते. हा समज घातक आहे. नगारा दिल्लीत वाजतो आणि टिपरी आपल्या पाठीत बसते!

दाखला पहा. २०१८ पासून सरकारने साखर कारखान्यांस सांगितले की, इथेनॉलचे प्रकल्प उभारा, कर्जाच्या व्याजाचा काही भार आम्ही सोसतो. सहकारी कारखान्यांनी सभासदांच्या उसाच्या भरवशावर कर्जे काढली. पुढे २०२४ ची लोकसभा जवळ आली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई झाली. आठवडाभराने हुकूम थोडा सैल झाला. बंदी पुरती उठली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, मते मोजून झाल्यावर. पाऊस कमी, साखर कमी, असे कारण सांगितले. ते खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच आठवड्यात कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ रोजी उठली आणि नाशिकचे मतदान होते २० मेला! हा योगायोग कोणत्या पंचांगात लिहिला होता? शहरच्या मतदाराचा रुसवा काढायचा तर पैसा आमच्या गाठीचा. आमचा रुसवा काढायचा तर मतदानाच्या तोंडावर!

आता आमचे सहकाराचे कैवारी. निवडणूक आली की हे चेअरमन आज या तंबूत, उद्या त्या तंबूत. विचारावे तर म्हणतात, 'कारखान्याच्या हितासाठी गेलो. कर्जाला हमी कोण देणार?' वाहवा! कारखाना सभासदांचा, कर्ज सभासदांच्या माथी आणि सौदा मात्र चेअरमनच्या तिकिटाचा! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

आणखी ऐका. २०२४ साली लोकसभेसाठी राज्यातल्या हजारो सहकारी संस्थांच्या निवडणुका लांबणीवर टाकल्या. मग पावसाचे निमित्त झाले, मग विधानसभेचे. आम्हा मास्तरांस दिल्लीच्या मतपेट्यांपाशी बसविण्यास माणसे मिळतात. सोसायटीच्या मतदानास मात्र मिळत नाहीत. मुदत संपलेले संचालक खुर्चीवर तसेच!

बंधूंनो, १८७५ साली सुप्याच्या बाजारात आपल्या पणजोबांनी सावकाराच्या वह्या जाळल्या. १९०४ साली पतपेढ्यांचा कायदा झाला, तो या कर्जाच्या फासातून कुणब्याला सोडविण्यासाठी. पुढे लोणीच्या शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून प्रवरेचा कारखाना उभा केला. हे कोणा पक्षाचे दान नव्हे. ही आपली कमाई आहे. वही जाळली आणि खुर्चीला जोहार घातला, तर मिळविले काय?

म्हणून सांगतो. लोकसभेला मत मागावयास येईल त्यास भाषण पुरे करू देऊ नका. आधी विचारा: उसाचे बिल किती दिवसांत? कारखान्याचे कर्ज किती? निर्यातीचा हुकूम पीक काढणीच्या आधी सांगणार की नंतर? आणि वार्षिक सभेला जेवणासाठी जाऊ नका. ताळेबंद हाती घेऊन बसा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. कोष्टी, सुतार, चांभार बंधूंच्या सोसायट्यांसही हेच लागू.

दिल्लीच्या मताला पाच वर्षांनी एक दिवस. सोसायटीचा जाब विचारण्यास दरसाल सभा आहे. ती ज्याने सोडली, त्याने घर उघडे टाकून चोराला शिव्या देऊ नयेत.

— एक खेडवळ मास्तर